भोवरा हे नाव कुणाचं

३ मार्च

वहिनी,

नमस्कार घे, हातातलं शिवणकाम बाजूला ठेव, बस आणि मग वाच. पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी पाठवलं तर दादा आधी फोडणार, आणि फोन करावा तर तो त्याच्याच उशाशी. माझी फजिती इतक्यात त्याच्या कानावर जायला नको.

काल कुस्तीच्या कंपनीतली माझी पहिली लढत झाली. हॉल भरलेला होता. निवेदकाने माइक हातात घेतला आणि मला पुकारलं, 'महाभयंकर पोलादी तुफान'. हे नाव मालकांनी ठेवलंय, मला न विचारता. 'महाभयंकर'ला लोक गप्प बसले, 'पोलादी'ला कुणीतरी खोकलं, आणि 'तुफान' यायच्या आत मी रिंगच्या पायरीला अडखळलो. वहिनी, लोक हसले. पोरंटोरं हसली असती तर चाललं असतं, पण चांगली पिकल्या केसांची माणसं पोट धरून हसली.

जिंकलो मीच. म्हणजे तुला माहीतच आहे, आमच्यात कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, आपटणं तेवढं खरं असतं. पण जिंकल्यावर माझ्या नावाने एक हाक उठली नाही. वरच्या रांगेतल्या एकाने प्रयत्न केला. 'महाभयंकर पो' इथपर्यंत पोचला आणि दम संपून खाली बसला. इतकी माणसं आणि एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी अजून हादरलेलाच आहे.

मालक म्हणाले, नाव बदल नाहीतर गाठोडं बांध. म्हणून तुला लिहितोय. दादाला 'भोवरा' हे नाव तूच दिलंस ना? इथे सगळे म्हणतात, या कंपनीत इतकं चांगलं नाव आजवर कुणाला मिळालं नाही. दादा मानेवर पडून घरी बसला त्याला इतके महिने झाले, तरी तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारतात, भोवरा कधी येणार? तसं एक नाव मला काढून दे. तुला कसं सुचलं तेही लिही.

तुझा शेंडेफळ दीर

११ मार्च

भावजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र दुकानात गाड्यांच्या सीटकव्हरांच्या ढिगावर बसून वाचलं. हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण जमलं नाही. शेजारच्या मशीनवरच्या बाई विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. 'महाभयंकर पोलादी तुफान' हे माणसाचं नाव आहे की पंख्यांच्या दुकानाची पाटी?

भोवरा कसं सुचलं ते सांगते. यात काही फार मोठी गोष्ट नाही. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. हे कंपनीत नवे, यांनाही कुणी नाव दिलं नव्हतं. एके सकाळी किल्ली शोधत स्वयंपाकघरात हे गोल गोल फिरत होते, आणि किल्ली यांच्याच हातात. मी म्हटलं, 'अहो, थांबा, नुसता भोवरा झालाय तुमचा.' हे थांबले. दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, भोवरा, भोवरा. किल्ली तिथेच टाकून मालकांकडे पळाले.

नाव का चाललं याचा मी नंतर विचार केला. एका दमात म्हणता येतं. शेवटी तोंड उघडं राहतं, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत पोचतं. भयंकर, पोलादी असलं काही सांगायची गरज पडत नाही. जो खरंच भयंकर असतो तो सांगत फिरत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, चिडून ओरडायलाही तेच नाव चालायला हवं आणि लाडाने ओरडायलाही. आज टाळ्या देणारे उद्या शिव्या देतील, तेव्हा नाव दोन्हीकडून धुता आलं पाहिजे.

तुमच्यासाठी बरीच पाहिली. 'घण' घशातच राहतं. 'गवा' चांगलं आहे, पण तुमची देहयष्टी पाहता लोक पुन्हा हसतील, रागावू नका. मग तुमचं लहानपण आठवलं. आमच्या लग्नात तुम्ही यांच्या पायाला मिठी मारून बसला होतात आणि चार माणसांना सुटला नव्हतात. म्हणून 'कोयंडा'. एकदा बसला की निघत नाही. म्हणून बघा.

यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. गळ्याला पट्टा आहे. मानेचे व्यायाम न चुकता करतात आणि रिंगमध्ये तोंडावर चढवायचे तो मुखवटा दर रविवारी मला धुवायला लावतात, वापरलेला नसला तरी. म्हणतात, परत गेलो की वास यायला नको. भावजी, डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलंय की हे आता रिंगमध्ये कधीच उतरू शकणार नाहीत. पुन्हा एकदा मान आपटली तर हातपाय कायमचे जातील. यांना मी हे सांगितलेलं नाही. परत जायच्या आशेवर तर सकाळी उठतात. ती काढून घेतली तर मी यांना कशाच्या बळावर उठवू? तुम्हीही बोलू नका.

तुमची वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

'कोयंडा' मालकांना आवडलं. म्हणाले, नाव झकास आहे, जपून ठेव, पुढे वापरू. सध्या दुसरीच काहीतरी सोय झालीय. काम बरं चाललंय. लोक ओरडतात. सविस्तर पुढे लिहीन, आता गाडी पकडायची आहे.

दादाच्या डाव्या गुडघ्याचं काय? उडी मारल्यावर तो आधी कुठला पाय टेकायचा, सहज विचारतोय.

तुझा दीर

१९ एप्रिल

भावजी,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे आणि पाय उजवा टेकायचे. पण मी आज त्यासाठी लिहीत नाही.

काल संध्याकाळी दुकानातून येत होते. जिन्यात खालच्या मजल्यावरचा वायरमन भेटला. तोंडभर हसून म्हणाला, 'वहिनी, अभिनंदन. साहेब पुन्हा उभे राहिले. परवा मुद्दाम बाहेरगावी जाऊन बघितलं, काय उडी मारली हो दोरावरून, सगळा हॉल उभा.' मला वाटलं याला ताप आलाय. मी म्हटलं, अहो, ते घरी झोपून आहेत. त्याने डोळा मारला. 'कळतंय, कळतंय, धंद्याचं गुपित. मी नाही कुणाला सांगत.' आणि वर म्हणाला, पहिल्यापेक्षाही चपळ झालेत.

मी तशीच उलट चौकात गेले. बँकेच्या भिंतीवर माणसाएवढं पोस्टर. 'भोवरा परतला.' तोच निळा मुखवटा, डोळ्यांभोवती तीच पिवळी वर्तुळं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ते काल मला कळलं. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. बाजूला बाहेरगावच्या खेळासाठी सुटणाऱ्या खास गाड्यांच्या तिकिटाला रांग लागली होती.

घरी धावले. काय बघायला धावले ते माझं मलाच माहीत नाही. मुखवटा दोरीवर वाळत होता, मीच सकाळी धुतलेला. हे पलंगावर, गळ्यात पट्टा. मला म्हणाले, 'धापा का टाकतेस? आज व्यायाम दोनदा केला.' मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

भावजी, तुम्ही तिथे असता आणि तुम्हाला हे दिसलं नाही? की तुमच्यापासूनही लपवलंय? कोण आहे तो? माझ्या नवऱ्याचं नाव अंगावर चढवून उड्या मारणारा हा चोर कोण, ते शोधून काढा. मला फक्त त्याचा पत्ता कळवा, मी कात्री घेऊन येते. आणि त्याआधी माझ्याकडून त्याला एक ठेवून द्या.

वहिनी

२४ एप्रिल

वहिनी,

तो चोर मी आहे.

हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता बाकीचं लिहितो.

मालकांनी बोलावलं तेव्हा माझ्यापुढे नवा शिवलेला मुखवटा टाकला. म्हणाले, नाव कंपनीचं आहे, तुझ्या भावाचं नाही. हॉल रिकामे जातायत. कुणीतरी भोवरा होणारच. तुझी चाल त्याच्यासारखी आहे म्हणून पहिल्यांदा तुला विचारतो. तू नाही म्हणालास तर परवापासून दुसरा उभा राहील. दादाचा मुखवटा मालक असा टेबलावर टाकतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. मग डोक्यात आलं, परक्याच्या हातात गेलं तर नाव कायमचं गेलं. मी घातला तर निदान घरात राहील. जपून ठेवू, असं मनाला समजावलं. वहिनी, हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही.

पहिल्या रात्री निवेदकाने पुकारलं आणि सगळा हॉल एका आवाजात उठला. मी रिंगमध्ये उभा राहून वाट बघत होतो की कुणीतरी ओरडेल, अरे हा तो नाही. पुढच्या रांगेत दादाला वर्षानुवर्षं बघणारी माणसं होती. कुणीच ओरडलं नाही. एकालाही कळलं नाही, वहिनी. दादा तिथे पलंगावर, आणि इथे त्याची कुणाला उणीवच नाही. त्याचं असणं म्हणजे तेवढा कपडा होता की काय, असं वाटून मला रडू आलं. मुखवट्यात रडता येतं, हा त्याचा एक फायदा.

दुसऱ्या रात्रीपासून मला ते आवडायला लागलं. हे तुला सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

ठेवून द्यायची ती तुझ्या हाताने दे. मी गाल पुढे करीन.

तुझा दीर

२७ एप्रिल

भावजी,

पत्र वाचून मी मशीन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. परक्याने लुबाडलं असतं तर मी रस्त्यात उभं राहून ओरडले असते. आता कुणावर ओरडू? ज्याला मी शाळेत जायला भांग पाडून दिला, त्याच्यावर?

जपून ठेवतोय म्हणता. माणूस जिवंत असताना त्याची वस्तू कुणी जपून ठेवत नाही, भावजी, त्याला विचारतो. तुम्ही त्याच घरात वाढलात, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. मला तुमचा राग आलाय आणि काळजीही वाटतेय, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला धड जेवण जात नाही. तुमची मानसुद्धा काही लोखंडाची नाही.

मुखवटा मालकांच्या टेबलावर परत टाका. यांना कळायच्या आत हे संपवा. यांना कळलं तर काय होईल, ते मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

वहिनी

६ मे

वहिनी,

मालकांशी बोललो. ते म्हणतात, या दौऱ्याचे सगळे हॉल भोवऱ्याच्या नावावर विकले गेलेत, महिनाअखेरपर्यंत सुटका नाही. मग मी निघतो. कुठलंही काम करीन. तोवर दादाला चौकाकडे जाऊ देऊ नकोस. वायरमनलाही गाठून सांग. एवढा महिना कसाही रेट.

तुझा दीर

१८ मे

भावजी,

रेटला गेला नाही.

परवा डॉक्टरांकडे जायचं होतं. मला दुकानात तातडीचं काम आलं, हे म्हणाले मी एकटा जातो, बसने तर जायचंय. थांब्यावर दोन माणसं बोलत होती. एक म्हणाला, भोवरा बघितलास का, परत आल्यापासून काय खेळतोय. दुसरा म्हणाला, मधे फारच सुस्त झाला होता, शेवटी शेवटी तर बघवत नव्हतं. आणि हे त्यांच्या बाजूलाच उभे, गळ्यात पट्टा घालून. त्यातल्या एकाने यांना म्हटलं, काका, बसा, तुम्हाला उभं राहवत नसेल.

हे डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. घरी येऊन खुर्चीत बसले. मी आले तेव्हा दिवासुद्धा लावलेला नव्हता. मला एकच विचारलं, 'कोण आहे?' मी खोटं बोलणार होते, पण त्यांच्याकडे बघून मला जमलं नाही. तुमचं नाव सांगितलं. मला वाटलं आता भांडी फेकतील, किंवा खचून पडतील. दोन्हीसाठी मी तयार होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, 'त्याने कुणाला पाडलं?'

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तुमच्या धंद्यात म्हणे जाणारा माणूस राहणाऱ्याच्या हाताखाली पाठीवर पडतो, पंच तीन मोजतो, आणि मगच जातो. त्याशिवाय त्याची जागा दुसऱ्याची होत नाही. 'मला तर कुणी पाडलं नाही,' म्हणाले, 'मग नाव त्याचं कसं झालं?' त्यांचा आवाज अगदी थंड होता.

आज दुपारी दुकानातून आले तर पलंग नीट आवरलेला. मुखवटा जागेवर नाही. आणि भावजी, गळ्याचा पट्टा टेबलावर पडलाय.

ते तुमच्याकडेच निघालेत, तुमच्याशी लढायला. मी वेड्यासारखी बसस्थानकावर आले, तर पहिली गाडी भरून सुटायला लागली होती आणि हे आत कुठे दिसेनात. दुसरीत बसून मी येतेच आहे, पण ती रात्रभर थांबत थांबत येणार. तुमचा फोन लागेना, म्हणून हे पत्र या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, तुमचा हॉल त्याला माहीत आहे. मी तुमच्या पाया पडते, त्यांच्या अंगाला हात लावू नका. ते मारतील, मार खा. पळून जा. पण त्यांना पडू देऊ नका.

वहिनी

१९ मे

वहिनी,

आधी हे वाच. दादा सुखरूप आहे, माझ्या खोलीत झोपलाय. तू उतरशील तेव्हा मी त्याच्याजवळ असेन, म्हणून हे पत्र स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत ठेवतोय. समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही.

तुझं पत्र आणि दादा एकाच गाडीने आले. दादा आधी उतरला. हॉल रिकामा होता. रिंगचे दोर आवळणं चाललं होतं, निवेदक माइक तपासत होता. दारात दादा दिसला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. कुणाशी न बोलता तो रिंगपाशी आला, पायऱ्या चढला. मी धावत जाऊन खालचा दोर दाबून धरला, तो वाकून आत आला. म्हणाला, 'मुखवटा घाल.' तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो, त्यापुढे माझं कधी चाललं नाही. मी घातला. त्याने आपला खिशातच ठेवला.

'आता ये,' म्हणाला.

मी मागे सरकलो. म्हटलं, दादा, मी हात लावणार नाही. नाव घेऊन जा, मुखवटा घेऊन जा, मी आजच इथून जातो. तू मार मला. मी कोपऱ्यात जाऊन दोराला चिकटलो, वहिनी. तो तिथेच उभा राहिला.

म्हणाला, 'घरी नेऊन काय करू त्याचं? मला आता कधीच उतरता येणार नाही. डॉक्टरांनी तुझ्या वहिनीला बाहेर नेऊन सांगितलं तेव्हा दार उघडंच होतं.'

वहिनी, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी म्हटलं, मग ते व्यायाम, दर रविवारी मुखवटा धुवायला लावणं? म्हणाला, 'मी परत जाणार म्हणून ती सकाळी उठते. ते बंद केलं तर तिला मी काय सांगू?'

मी विचारलं, मग इतक्या लांब भांडायला का आलास? दादा म्हणाला, 'भांडायला कोण आलंय? नाव कुणाकडे तरी जायचंच होतं. तुझ्याकडे आलं, मला बरं वाटलं. पण मला रस्त्यात परक्या माणसांकडून कळलं. माझ्या हातून घ्यायचं होतंस. मी दिलं असतं.'

मग त्याने एक हात जमिनीला टेकला, गुडघे टेकले, आणि अंथरुणावर पडावं तसा सावकाश पाठीवर झोपला. मी त्याच्या मानेखाली हात घातला होता, त्याने तो काढायला लावला. म्हणाला, 'तिथे नाही. छातीवर ठेव.'

मी ठेवला. त्याचं हृदय जोरात चालत होतं, माझंही. पंच नव्हता. दोर आवळणारा माणूस, हातातला पाना बाजूला ठेवून, न सांगता खाली बसला. त्याने तळव्याने जमिनीवर थाप मारली. एक. दोन. मला वाटलं, दादा उठेल. मी मनातून म्हणत होतो, ऊठ. तीन.

मग निवेदकाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने माइक तोंडाशी नेला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणतो तसं म्हणाला, 'विजेता, भोवरा.'

मी हात वर केला. खाली पाहिलं तर पडल्या पडल्या दादाचाही हात वर गेला होता. त्याने डोळे उघडले, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि तो हळूच खाली घेतला.

तुझा दीर